वाकडी बसलेली काच

दादा,

आज बाबांची जुनी लेन्स दुरुस्तीला उघडली. आतली काच वाकडी बसली होती. कड्याला पडलेला पोचा कुणीतरी पकडीने सरळ करून वर रंग फासला होता, तुझ्या सायकलचा.

पडली याचा राग नाही. माझ्याकडे रोज पडलेल्याच लेन्स येतात. पण फोटो एका बाजूला धूसर यायला लागले, तेव्हा बाबांना वाटलं आपले डोळे गेले. त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि तू वर तोंड करून म्हणालास, "वय झालं तुमचं."

काच बसवून, फोकस जुळवून काढलेला फोटो त्यांना दाखवला. चारही कोपरे स्वच्छ. मग कड्यावरच्या त्या रंगावरून बोट फिरवून म्हणाले, "त्याला बोलू नकोस. किती घाबरला असेल तेव्हा."

म्हणून हे पाठवत नाही. राग मात्र मला त्यांना विचारून आलेला नाही.

तुझी धाकटी