एकोणीस लाल टाक्यांचा कोट

कुलदीप, हा कागद वाचायला घेशील तेव्हा मोबाईल कुठं ठेवला म्हणून घर पालथं घालू नकोस. तो तुझ्याच हातात असेल. डबा दोनदा बसमध्ये विसरलास, छत्री तीनदा, आणि दिवाळीत तर सख्ख्या बहिणीलाच स्टँडवर विसरून घरी आलास. म्हणून नुसतं तोंडी सांगत नाही, लिहवून ठेवते.

मी, केसरबाई, कै. वामनराव दुर्गे यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर (माझ्या आईच्या अंदाजानं, शाळेचं तोंड पाहिलं नाही, म्हणून दाखला नाही), राहणार तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकदपटशाशिवाय, हे मृत्युपत्र सांगते व माझी नात रिना ते लिहिते. मला अक्षर येत नाही, पण रिना काही गाळते ते मला कळतं. गाळताना ती हसते. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, हेही मला ठाऊक आहे. हे मात्र येत्या सोमवारच्या आत वाचावं, मी जिवंत असले तरी. सोमवारी चंद्रपूरच्या ऑफिसात कुलदीपची कायम होण्याची मुलाखत आहे आणि माझा जीव तिथं अडकला आहे.

कलम एक. दोन खोल्यांचं घर, अंगण व सीताफळाचं झाड मुलगी सरिता हिला. जावई गेल्यावर ती कुलदीप-रिना ही दोन लेकरं घेऊन इथं आली तेव्हापासून कौलं तीच फेरते आणि माकडांशी भांडणही तीच करते. हक्क तिचाच. माकडांचा नाही.

कलम दोन. कोळशाची पितळी इस्त्री रिनाला. तिला ती लागणार नाही, तरी तिलाच. माझे यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. एकतीस वर्षं त्यांचा पांढरा शर्ट मी या इस्त्रीनं कडक केला. कचेरीत चुरगळलेल्या शर्टात येणारेही होते. मी एकदा म्हटलं, एखाद्या दिवशी तसंच जा, मला ताप आहे. ते म्हणाले, "त्याईचं चालते. आपलं चालत नाई." मग स्वतः कोळसे फुलवले.

कलम तीन. काळा कोट. हे कलम लांब होईल, रिनानं कंटाळू नये.

चौऱ्याहत्तर साली यजमानांना मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा सासऱ्यांनी गोऱ्हा विकून चांद्याच्या शिंप्याकडून हा कोट शिवून आणला. आमच्या वस्तीनं तोवर कोट पाहिला तो विहारातल्या फोटोत. या कोटाला पाठीमागं खालून एक चीर आहे आणि शिंप्यानं ती फुलीच्या टाक्यानं बांधून दिली होती. तो टाका म्हणजे कोटाची खूण, असं आम्ही समजलो. यजमानांना नोकरी लागली. पुढं वस्तीतला जो जो पोरगा मुलाखतीला गेला तो हाच कोट घालून. कोणाच्या बाह्या बोटांवर यायच्या, कोणाच्या मनगटावर. कोट मात्र हाच. ज्याला नोकरी लागली त्याच्या नावाचा एक लाल टाका मी त्या चिरेवर घालत गेले. माझी वही ती. असे एकोणीस टाके आहेत. बोटानं चाचपून नावं सांगते: हा वारलू, पोस्टातला. हा गोविंदा, मास्तर झाला. हा लच्छू, वनखात्यातला.

लच्छूनं कोट परत केला तेव्हा कॉलरवर हळदीच्या रश्शाचा डाग होता. त्याची आई रुखमाबाई छत्तीस वर्षं म्हणते की डाग आधीचा आहे. ती या कागदावर साक्षीदार आहे. हे कलम तिला वाचून दाखवलं. ती अजून तेच म्हणते. सबब तो डाग मी रुखमाबाईच्या नावे करून जाते.

शेवटचा टाका विक्कीचा, दोन हजार एकोणीस साली. नोकरी लागली त्याला, पण कोट आणून देताना म्हणाला की सगळे टी-शर्टात आले होते, मी एकटाच नवरदेवासारखा दिसत होतो. तेव्हापासून कोट कडुनिंबाच्या पाल्यात पेटीत पडून आहे.

कुलदीप गोल गळ्याच्या टी-शर्टात ऑफिसला जातो. छातीवर इंग्रजीत काय लिहिलंय विचारलं तर म्हणतो, काही नाही आजी, असंच. त्यांचा साहेबच चपला घालून येतो म्हणे. बरं, म्हटलं, काळ बदलला. पण मागच्या महिन्यात जेवताना त्यानं एक गंमत सांगितली. नागपूरहून कोणी पाहुणा ऑफिसात आला. कुलदीप धरून तीन पोरं एका रांगेत बसलेली, तिघं सारख्याच टी-शर्टात, एक तर अर्ध्या चड्डीत. पाहुण्यानं तिघांकडं पाहिलं आणि रिकामी बाटली कुलदीपच्या हातात दिली. जरा पाणी भरून आण. यानं आणली.

मी विचारलं, "अर्ध्या चड्डीवाल्याले काऊन नाई सांगितलं?"

"आजी, तू पण काहीही विचारतेस."

हसत होता. पण भात दुसऱ्यांदा घेतला नाही. चोवीस वर्षं मी या पोराला जेवताना पाहते आहे.

म्हणून मी पेटीतून कोट काढला. सोमवारी हा घाल, म्हटलं. त्यानं तो मांडीवर घेतला, उलटा केला आणि चिरेवरच्या फुलीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आजी, हा शिंप्याचा कच्चा टाका हाय. कोट घरी आणला की कापून टाकाचा असते. नाई कापला तर नीट बसता येत नाई."

मी लच्छूला बोलावून विचारलं, मुलाखतीत तू बसला कसा होतास? म्हणाला, "खुर्चीच्या टोकावर. पाठ ताणत होती. मले वाटलं, कोट असाच असते." गोविंदा मास्तरही तेच म्हणाला.

म्हणजे एकोणीस पोरं टोकावर बसून नोकऱ्या घेऊन आली, आणि दर खेपेला मी चीर आणखी घट्ट शिवत गेले. चार दिवस झाले, हे घशाखाली उतरत नाही. कापवत नाही आणि राहूही देववत नाही.

तरी माझा निर्णय असा. कोट कुलदीपला, सोबत माझी कात्री. टाके त्यानंच कापावे, मी समोर बसेन. एकोणीस दोरे फेकू नयेत, रिनाला द्यावे. सोमवारी कोट घालायचा की टी-शर्ट, ते मी ठरवत नाही. टी-शर्ट घातलास तर इस्त्री करून घाल, एवढंच. तुमच्या ऑफिसचे नियम सैल झाले असतील. बघणाऱ्याचे डोळे किती सैल झाले ते मला कळत नाही, म्हणून भीती वाटते. काहीही घाल, पण खुर्चीवर पाठ टेकून बस. नोकरी लागली तरी विसावा टाका मी घालणार नाही.

वरील सर्व मला दोनदा वाचून दाखवलं, मला समजलं, ते माझ्याच तोंडचं आहे.

डाव्या हाताचा अंगठा: केसरबाई वामनराव दुर्गे

साक्षीदार: १. रुखमाबाई (सही, डागाचं कलम मान्य नाही) २. गोविंदा, निवृत्त शिक्षक (सही)

लिहिणार: रिना

पोंभुर्णा, गुरुवार, १६ जानेवारी २०२५

अंगठ्यानंतर आठवलेलं, म्हणून पुन्हा अंगठा: सोमवारी कुलदीपसोबत त्या तिघांना पुरेल एवढा डबा पाठवावा. तांदळाची भाकर, लाखोरीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी. सरिता म्हणेल वास येतो. येऊ द्या. डबा बसमध्ये राहू नये म्हणून रिनानं स्टँडपर्यंत जावं. कुलदीपनं डबा उघडून मधोमध ठेवावा, वाढायला उठू नये. त्याची पाण्याची बाटली घरूनच भरून द्यावी. बाकीच्यांनी आपापली भरून आणावी.