बॉयलरच्या नळीचा पिंजरा

आप्पा,

परवा भंगारवाला येऊन गेला. पाथर्डी रस्ता रुंद व्हायचाय, त्यात आपल्या गॅरेजची पुढची बाजू जाणार, म्हणून मागचं साचलेलं लोखंड काढून टाकावं असं ठरवून मीच त्याला बोलावलं होतं. स्प्रिंगचे जुने पाटे, बंपर, फुटलेले रेडिएटर त्याने बघून घेतले आणि शेवटी भिंतीला टेकवलेल्या पिंजऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्ये काय हुतं म्हनायचं? यवढा मोठा पोपट कुनी पाळला हुता?" मीही हसलो. मग त्याने तो उचलायला माणूस पुढे केला, आणि मी असा काही ओरडलो की बिचारा दचकून मागे सरला. हे द्यायचं नाही, म्हणालो. का नाही, ते मला त्याला सांगता आलं नाही. तुम्हालाही जिवंतपणी कधी सांगितलं नाही. आता मी तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आलोय, तेव्हा सांगून टाकतो.

बाहत्तरच्या दुष्काळात माझ्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं. लोक पाण्याच्या टँकरमागे धावत होते आणि तुमचा मुलगा पुण्याकडच्या एका पडीक धावपट्टीवर गाडी पळवायची स्वप्नं बघत होता. कॅम्पातल्या एका साहेबांनी टाकून दिलेली दोन दारांची जुनी गाडी आपल्याकडे पडून होती, तिचं इंजिन मी रात्रंदिवस खपून जिवंत केलं होतं. तुम्ही नाही म्हणाल याची मला खात्री होती. थोरल्या भावाला जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. करंजी घाटात वळणावर जीप उलटली, मागची माणसं बाहेर फेकली गेली म्हणून वाचली आणि थोरला स्टिअरिंगखाली राहिला. त्या जीपच्या हुडाच्या सळया तुम्हीच वाकवून बसवल्या होत्या. त्या ताडपत्री धरायला होत्या, जीप धरायला नव्हत्या, हे कुणालाही कळत होतं. तुम्हाला मात्र ते कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हीही त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलं नाही. जीप परत आणली तेव्हा त्या चपट्या झालेल्या सळया तुम्ही किती तरी वेळ हातात धरून बसला होता.

म्हणून मी शर्यतीचं काढलं आणि तुम्ही नुसतं "पिंजरा म्या करनार" एवढंच म्हणालात, तेव्हा मला नवल वाटलं. गाडी उलटली तर टप डोक्यावर येऊ नये म्हणून आतून नळ्यांचा पिंजरा बसवतात, पण त्या काळी तो सक्तीचा नव्हता. माझ्या मनात पलंगाला वापरतात तो पातळ पाइप होता, हलका आणि दिसायला झकास. तुम्ही वाद घातला नाहीत. पलंगाच्या पाइपाचा एक तुकडा कापला, एक पाण्याच्या पाइपाचा, आणि साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या बॉयलरच्या नळीचा एक. तिन्ही ऐरणीवर ठेवून घणाने चेपले. पलंगाचा पाइप कागदासारखा चुरगळला. पाण्याच्या पाइपाला उभा सांधा असतो, तो तिथेच उसवला. बॉयलरची नळी भाकरीसारखी सपाट झाली, पण कुठे चीर नाही, कारण तिला सांधाच नसतो. "ही घ्यायची," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "लई जड हुईल, आप्पा. गाडी पळंल का चालंल?" तुम्ही घण खाली ठेवला आणि म्हणालात, "चालंना का. घरी आली पायजे."

मग वर्गाचं भांडण. मला खुल्या वर्गात उतरायचं होतं, तिथे काचा, गाद्या, दारं सगळं काढून गाडी हलकी करता येई, आणि नावही तिथेच व्हायचं. दुसरा हजार सीसीच्या आतला साधा वर्ग, तिथे गाडी कारखान्यातून आली तशीच लागे, पिंजरा तेवढा चाले. तुम्ही म्हणालात, पहिल्याच खेपेला मोठ्यांच्या पंगतीत कशाला बसतोस, साध्यात उतर. मी दोन दिवस जेवताना तुमच्याशी बोललो नाही. शेवटी नळीही तुमची आणि वर्गही तुमचा, असंच झालं. हट्टीपणात मी तुमचाच मुलगा होतो, पण तुमच्यापुढे माझी मात्रा कधी चालली नाही.

नळी वाकवायची तर आत वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर वळणावर ती चेपते. वाळूत जराशी जरी ओल राहिली तर तापवताना वाफ धरते आणि टोकाचा लाकडी गुटका गोळीसारखा सुटतो. सीना नदी ठणठणीत कोरडी होती, तरी तुमचा विश्वास बसेना. तुम्ही आईची मोठी कढई मागितलीत. आई चुलीपुढून उठली नाही, म्हणाली, "भाजा, भाजा. दानं न्हाईत घरात भाजायला, वाळू भाजा." आणि मग आपणच उठून कढई घासून दिली. तुम्ही चुलीपाशी बसून फुटाणेवाल्यासारखे उलथन्याने वाळू हलवत होता आणि आई तुमच्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. तुम्ही माझ्यासाठी एक पिंजरा करत होता आणि थोरल्यासाठी एक. जड झाला त्यात नवल नव्हतं.

पिंजरा गाडीत बसतो, आणि शर्यतीला थोडे दिवस उरले असताना एके सकाळी तुम्ही म्हणता, "चल, गाडी तपासायची हाय." गाडी मीच चालवतो, तुम्ही शेजारी. करंजी घाटाच्या अलीकडे खडी फोडायचं दुष्काळी काम चाललंय, तिथल्या उतारावर तुम्ही गाडी थांबवायला लावता. मागून वाळूचं पोतं काढता, माझ्या जागेवर ठेवता, लष्करी लिलावातल्या पट्ट्याने आवळून बांधता. मग त्या पोत्याच्या वर एक मडकं बसवून सुतळीने पक्कं करता. मला कळतं, आणि मी तुमचा हात धरतो. "आप्पा, येडे झालात का? गाडी जाईल!" तुम्ही म्हणता, "गाडी गेली तर दुसरी हुईल." हँडब्रेक सोडता. खडी फोडणाऱ्या बाया हातोडे थांबवून बघताहेत, त्यातली एक म्हणते, "आगं बया, चांगली गाडी पाडायला आनली व्हय?" गाडी आधी सावकाश जाते, मग चाक दगडावर चढतं आणि ती कुशीवर, टपावर, पुन्हा कुशीवर लोळत खाली जाते.

आपण धावत उतरलो. पिंजरा जसाच्या तसा होता. टप बसला होता, काचा गेल्या होत्या, पण नळी तसूभर वाकली नव्हती. क्षणभर तुमचा चेहरा उजळला. मग तुम्ही खिडकीतून आत वाकलात. पट्टा ताणला होता, पोतं एका अंगाला कललं होतं, आणि मडकं बाजूच्या नळीवर आपटून फुटलं होतं. खापऱ्या माझ्या जागेवर पडल्या होत्या. तुम्ही एक खापरी उचललीत, हातात फिरवलीत आणि म्हणालात, "पिंजरा ऱ्हायला. मानूस न्हाई ऱ्हायला." आणि तिथेच दगडावर बसून, दोन वर्षांत पहिल्यांदा, थोरल्याचं नाव घेऊन रडलात. बायांनी तोंडं फिरवली.

पुढे सगळ्या नगरात झालं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, पोराची गाडी दरीत लोटली, पोराची शर्यत बुडवली. तुमच्या तोंडावर लोक म्हणायचे आणि तुम्ही "व्हय, चुकलंच" म्हणून हातातल्या पान्याकडे बघायचात. तुमच्या दहाव्याला आलेल्यांतही कुणीतरी ते काढलं.

पण आप्पा, तुम्ही शांत झाल्यावर बॉनेट उघडलं होतं. इंजिनाला काही झालं नव्हतं. पुढचा आस सरळ होता. पत्रा ठोकला, काचा बसवल्या, डोकं आपटू नये म्हणून नळीला काथ्या गुंडाळला असता तर गाडी शर्यतीला उभी राहिली असती, हे गॅरेजात वाढलेल्या कुणालाही दिसलं असतं. तुम्ही इंजिनावर हात ठेवून मला विचारलंत, "काय करायचं? तू म्हनशील तसं." मी म्हणालो, "न्हाई, आप्पा. संपली ती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बॉनेट हळूच बंद केलंत. मग म्हणालात, "व्हय. संपली." आणि तिथून पुढे सगळा दोष आपल्या अंगावर घेतलात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, पिंजऱ्याच्या नळीत सारून ठेवीन. ती खापरी बघितल्यावर मला तिच्या जागी माझं डोकं दिसलं होतं. मी भ्यालो होतो, आप्पा. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, हे मला माहीत आहे.