चष्मा काढून स्क्रीनकडे बघा

३ जून, सकाळी
...आणि काल जेवताना मी हेच तर सांगत होतो. टेक्नॉलॉजी स्ट्रॅटेजी नसलेलं दुकान म्हणजे नंबर न तपासता लावलेला चष्मा. आमचं दुकानच चष्म्याचं, म्हणून खास बाबांसाठी बनवलेलं वाक्य. बाबा म्हणाले, भाजी इकडे सरकव.
मग मुद्द्याचं बोलले. जुलैत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर काउंटर कोणाकडे, माझ्याकडे की ताईकडे, हे महिनाअखेरीला सांगणार. ताई दिवसभर आत बसून लोकांचे डोळे तपासते. बिचारीला व्हिजन कुठून असणार?
संकल्प: दहा तारखेच्या आत स्ट्रॅटेजी लिहून काढणे. पंचवीस पानं.

७ जून
कव्हर तयार! फॉन्टवरच दोन दिवस गेले. ताई म्हणाली, आत काय आहे? म्हटलं, घाई करू नकोस.

११ जून, दुपारी
आत लिहिण्याआधी मार्केट बघावं म्हणून प्रदर्शनाला गेलो आणि मशीनच घेऊन आलो. ट्रायलवर. माणसाएवढी उभी टचस्क्रीन. समोर उभं राहायचं, बोट लावायचं, फ्रेम आपोआप चेहऱ्यावर. स्ट्रॅटेजी काय, नंतरही लिहिता येते. ऑफर थांबत नाही.
जागा नव्हती म्हणून भिंतीवरचा आरसा काढला. बाबा म्हणाले, तो राहू दे रे. आता लेगसी सिस्टिम म्हणजे काय हे यांना कोण समजावणार? डेमो स्वतः घेतला. अक्षरं जरा धूसर होती, पण डेमो व्हर्जनमध्ये चालायचंच. घरात मला एकट्यालाच नंबर नाही, म्हणून सगळं आधी मलाच दिसतं.

१३ जून
पहिल्या कस्टमर, मुख्याध्यापिका बाई. मशीन म्हणालं, कृपया चष्मा काढा. बाईंनी काढला आणि विचारलं, स्क्रीन कुठे गेली? जवळ गेल्या, तर मशीन म्हणालं, मागे व्हा. चष्मा लावला, तर म्हणालं, काढा. बराच वेळ दोघांचं असंच चाललं. शेवटी बाई माझ्यावरच ओरडल्या, आधी याला शिस्त लाव! आणि निघून गेल्या.
लोकांना डिजिटलची सवयच नाही.

१८ जून
एक आजोबा मशीनला धडकले, त्याला सॉरी म्हणाले आणि थेट समोरच्या दुकानात गेले. तिथे आरसा आहे.
ताई म्हणाली, अरे, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला कमी दिसतं, म्हणून तर येतात ना! किती ही निगेटिव्हिटी. बाबांना हसू आलं, पण त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.
मशीनवाल्याला फोन केला. तो उलट मलाच विचारतो, घेण्याआधी कस्टमरची गरज काय ते बघितलं होतंत ना? विकताना गोड बोलत होता.

२६ जून
ताईचं भलतंच काहीतरी सुरू झालंय. कस्टमर नवी फ्रेम घालतो, ती आपल्या तडा गेलेल्या फोनवर फोटो काढते. मग तो स्वतःचा चष्मा लावून फोटो बघतो. एवढंच. मुख्याध्यापिका बाई परत आल्या, बहिणीला घेऊन. दोघी एकमेकींचे फोटो बघून खिदळत होत्या. जाताना फ्रेम्स घेऊन गेल्या.
याला स्ट्रॅटेजी नाही, जुगाड म्हणतात. शिवाय माझं मशीन नसतं तर तिला हे सुचलं असतं का?

३० जून, संध्याकाळी
ट्रायल संपली, मशीन परत गेलं. आरसा परत लावायचं काम माझ्याकडे आलं. हातोडी दोनदा भिंतीवर, एकदा अंगठ्यावर. बाबा बघत होते. म्हणाले, ताई, याचे डोळे तपास गं.
नंबर निघाला. दोन्ही डोळ्यांना.
काउंटरच्या किल्ल्या ताईला मिळाल्या. मी निदान स्ट्रॅटेजीचं कव्हर तरी पुढे केलं. तिने ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझाच नंबर लिहिला.
आता तिने काढलेले माझे दोन फोटो समोर आहेत. एकात काळी फ्रेम, एकात तपकिरी. पुढच्या लीडरशिप रोलच्या दृष्टीने कुठली बरी वाटते?