शेवटचा समजून केलेला चहा

मिरकाब, कुवेत. गुरुवार, नोव्हेंबर १९६२

आज माझं चुकलं की बरोबर होतं, काही कळत नाही.

वरच्या मजल्यावरच्या जपानी इंजिनिअरनं परवा मला त्यांच्या रीतीचा चहा दिला. हिरवा, कडू. वाडगा दोन्ही हातांत धरून सावकाश फिरवला, त्याची देखणी बाजू माझ्याकडे केली. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही बैठक पुन्हा होणार नाही, असं समजून आम्ही चहा करतो." शाळेत कवितेची शेवटची ओळ म्हणताना माझा आवाज जड व्हायचा, तसंच काहीसं झालं.

माझा मित्र इब्राहिम उद्याच्या बोटीनं घरी रत्नागिरीला चाललाय. त्याचा खोकला बरा होणारा नाही, हे डॉक्टरनं मला एकट्यालाच सांगितलंय. संध्याकाळी तो आला, तेव्हा मी अगदी हळूहळू चहा केला. कपसुद्धा फिरवून त्यावरची नक्षी त्याच्याकडे केली.

"चाय करतोस की बिर्याणीला दम देतोस, मियाँ?"

एरवी मी हसलो असतो.

"पुढल्या साली येताना फणसपोळी आणतो."

दर खेपेला मी म्हणतो, आण, आणि जरा जास्तच आण. आज मी नुसता कपाच्या कडेवरचा थेंब पुसत बसलो. कशाला फिरवला मी तो कप? त्यानं नक्षीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर तुझ्याशी बोलला ना?"

मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं चहाचा एक घोट घेतला. म्हणाला, "तर मग साखर घाल आणखी. आता कशाला फिकी पाजतोस?"