पाचव्या गाण्याची चाल

मी, नीलम्मा संगप्पा हुडगे, वय ५३, व्यवसाय गाणी लिहिणे व गाणे, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टर अमरनाथ यांचा दाखला सोबत आहे.

१. दोन खोल्यांचं घर व बँकेतली ठेव भाची साक्षी हिला. मी लग्न का केलं नाही, हे सगळ्या नातलगांत फक्त तिनंच मला कधी विचारलं नाही.

२. इलेक्ट्रिक गिटार इथल्या मुलींच्या शाळेला. कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नये.

३. 'हाव' हा माझा एकुलता एक अल्बम. २०१९च्या उन्हाळ्यात मोंढ्यातल्या धान्याच्या रिकाम्या गोदामात, भिंतींना गोधड्या टांगून, आम्ही तिघांनी नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली. आवाज माझा, गिटार माझी, ड्रम कंधारच्या धम्मदीपचे, यंत्रं साहेबरावांची. ऊन चढलं की पत्रे कडकडायचे, म्हणून सकाळी लवकर गायचो. अल्बम काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "हाव म्हणजे लोभ. नाव बदला." मी म्हटलं, "आमच्याकडं हाव म्हणजे होय." नाव बदललं नाही. त्या हट्टाचा मला पश्चात्ताप नाही.

४. पश्चात्ताप याचा आहे. ज्या पाचव्या गाण्यावरून लोक मला ओळखतात, त्याचे शब्द माझे, पण चाल धम्मदीपची. ड्रम आवळताना तो ती गुणगुणत होता. मी त्याला ती पुन्हा म्हणायला लावली आणि तिच्यावर शब्द बसवले. अल्बमच्या वेष्टनावर मात्र 'संगीत : नीलम्मा' एवढंच छापून घेतलं. ते पाहून तो म्हणाला, "ताई, छापायची चूक झाली काय?" मी "हाव" म्हणाले. पुढं दोनदा छपाई झाली. मी काही बदललं नाही, त्यानं पुन्हा विचारलं नाही.

५. गेल्या महिन्यात मी कंधारला त्याच्या घरी गेले. तो आता लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. माफी मागितली. तो म्हणाला, "वरातीत ते गाणं म्हणलं की लोक म्हणतेत, नीलम्माचं चोरून गाऊन राहिला. म्हणून मी म्हणायचंच सोडलं."

सबब, त्या चालीचे सर्व हक्क धम्मदीप यांचे आहेत. दुरुस्तीचं पत्र कंपनीला आजच गेलं आहे. माझ्या पश्चात कोणी ते फिरवू नये, म्हणून हे कलम. माझ्या शोकसभेत हे गाणं लावायचं तर आधी त्याला विचारावं. तो नको म्हणाला तर लावू नये, आणि कारण विचारू नये.

६. अंमलबजावणी साक्षीनं करावी.

ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून धम्मदीप बाहेर बाकावर बसला आहे. सही झाली की त्याला बोलवायला मीच जाणार आहे.

सही : नीलम्मा संगप्पा हुडगे

आमच्या समोर सही केली :
१. साहेबराव, ध्वनिमुद्रक
२. डॉ. अमरनाथ

अहमदपूर, १४ नोव्हेंबर २०२५