सहाव्या सीटची शेरी

३ फेब्रु., शनि.

...आणि ग्लॅडविन अंकल म्हणे, 'बेटा, तो मासा गोड्या पाण्यातला. आपलं पाणी खारट.' माहितीये मला! जसं काही मी स्मॉलमाउथ बासलाच शोधत अबूधाबीच्या पुलाखाली उभी आहे. बास अख्ख्या गल्फमध्ये नाही, एवढं मला कळतं. मुद्दा थंडीचा आहे. पाणी गार झालं की मासा आळशी होतो. खोल जाऊन पडून राहतो, पळणाऱ्या गोष्टीच्या मागे लागत नाही. व्हिडिओतला तो लोकरी टोपीवाला अमेरिकन म्हातारा, तलाव गोठायच्या आधी हेच करतो. नकली मासा, म्हणजे लूर, टाकायचा, तळाशी जाऊ द्यायचा, जरासा हलवायचा आणि थांबायचं. भरपूर थांबायचं. बास स्वतः येतो. इथला समुद्र फेब्रुवारीत सगळ्यात गार. मग शेरी, इथला सगळ्यांचा लाडका मासा, का नाही येणार?

पण ग्लॅडविन अंकलना कोण सांगणार. आम्हा वसईवाल्यांच्या फिशिंग ग्रुपचे ते ॲडमिन, त्यामुळे समुद्र त्यांच्याच नावावर. कोळंबी लावतात, टाकतात, आणि चहा ओतून होत नाही तोवर परत गुंडाळतात. कोळंबीला उलटी होत असेल.

२५ ला बोट. सहा सीट्स. पाच अंकल फिक्स. सहावी, १८ पर्यंत किनाऱ्यावरून ज्याची शेरी सगळ्यात जड, त्याची. वजन ग्लॅ.अं.च्या काट्यावर. मी विचारलं, 'जिची असली तर?' सगळे हसले. 'हो हो, जिची पण.'

मार्चपासून शेरीला बंदी. म्हणजे सीझनची शेवटची बोट. मला ती सीट हवीय. बस.

४ फेब्रु., रवि.

चर्चमधल्या मासनंतर डॅडींनी पुलाखाली सोडलं. झीरो.

प्रॉब्लेम थांबण्याचा आहे. टोपीवाला मनात आकडे मोजतो. आकडे मोजले की मला कंटाळा येतो, मध्येच हात रील फिरवतो. आज आकड्यांऐवजी नमो मारियाची प्रार्थना म्हणून बघितली. एक छोटा झटका, एक पूर्ण नमो मारिया, परत झटका. मम्मीच्या स्पीडने नाही, मम्मी एका श्वासात तीन उरकते. फ्युनरलच्या स्पीडने.

ओठ हलताना ग्लॅ.अं.नी बघितलं. 'जॅनिस, मासा पकडतेस की रोझरी चाललीय?'

एल्विन अंकल: 'हिला कॉन्व्हेंटमध्ये टाका रे.'

एल्विन अंकल म्हणजे ग्लॅ.अं.चा चमचा. ते हसले की हा हसतो, आधी जोक ऐकत पण नाही.

१० फेब्रु., शनि.

वारा. बोटं बधिर. सगळे अंकल गाडीत हीटर लावून बसलेले, रॉड बाहेर रेलिंगला टेकवलेले. याला हे लोक फिशिंग म्हणतात.

त्यातल्याच एका रॉडला शेरी लागली. एल्विन अंकलच्या. झोपेतून उठवून सांगावं लागलं. काट्यावर एक किलो आठशे. फोटो नेहमीचा, दोन्ही हात ताठ पुढे, मासा कॅमेऱ्यात घुसवून. असं धरलं तर बोंबील पण शार्क दिसेल.

ग्रुपवर एवढे अंगठे आले की मी म्यूट केलं.

डॅडी म्हणाले, 'वाद नको घालू. दर रविवारी चर्चमध्ये तोंडं बघायची असतात.'

१४ फेब्रु., बुध.

राखेचा बुधवार. चर्चबाहेर कपाळावर राख घेऊन ग्लॅ.अं.: 'काय मग, लेंटचे चाळीस दिवस काय सोडणार? फिशिंग सोड.'

मी: 'तुम्ही फोटो सोडा, अंकल.'

मम्मीने दंडाला चिमटा काढला. अजून लाल आहे. वर्थ इट.

१७ फेब्रु., शनि., दुपार

मिळाली!!

पाणी अजून गार झालंय, म्हणून आज दर झटक्याला दोन नमो मारिया. टोपीवाला बरोबर बोलतो, थंडीत मासा ओढत नाही. लाईन फक्त जड झाली, ओलं फडकं अडकल्यासारखी. दुसऱ्या आमेनच्या जरा अलीकडे. रॉड उचलला, आणि मग ते फडकं पळालं! खांब टाळला, दगड टाळले, ओढून वर घेतली. एल्विन अंकलची शेरी हिच्यासमोर बेबी.

बघायला एक पण अंकल नाही. सगळे परोटा खायला गेलेले. काटा ग्लॅ.अं.च्या गाडीत, म्हणजे तो पण परोट्याला.

मेसेज टाकला. रिप्लाय: 'संध्याकाळी घरी येऊन बघतो इन्शाल्ला.'

घरी सिंकमध्ये बर्फावर ठेवलीय. जरा झोपते.

१७ फेब्रु., संध्याकाळ

लिहवत नाहीये.

उठले. सिंक रिकामं. ओट्यावर भांड्यात तुकडे, हळद-मीठ लावून. आमच्या घरी मासा आला की आधी कापतात, मग कोणाचा ते विचारतात.

मी: 'मम्मी!! डोकं कुठाय?'

'बिंदूला दिलं. तिला डोक्याची करी आवडते.' बिंदू आंटी शेजारच्या. करी तोवर तिच्याकडे उकळत होती, वास येत होता.

'वजन करायचं होतं!'

'मग बोलायचं ना. पोटात घाण ठेवून मासा ठेवतात का कोणी? तुझ्या त्या व्हिडिओवाल्याला आई नाही वाटतं.'

तेवढ्यात बेल. ग्लॅ.अं., काटा हातात. भांड्यात डोकावले. फादर पुस्तकावरून बघतात तसे माझ्याकडे बघितलं. 'तुकड्यांचं वजन रूल्समध्ये नाही, बेटा.'

तरी मी तुकडे पिशवीत भरून काट्याला लावले. एक किलो नऊशे. डोकं नाही, पोट नाही, शेपटी नाही, तरी एल्विन अंकलच्या वर!

'मिठाचं वजन आहे,' म्हणाले. 'आणि सगळे एकाच माशाचे कशावरून?'

फोटो दाखवला. 'फोटोत काय, काहीही मोठं दिसतं.' हे कोण बोलतंय!

मग बसले. चार तुकडे खाल्ले, तळलेले. जाताना: 'भाभी, टेस्ट एकदम मस्त. छोट्या माशालाच अशी टेस्ट येते.'

१८ फेब्रु., रवि.

ग्रुपवर अनाउन्समेंट. सहावी सीट एल्विन अंकल. खाली तोच ताठ हातांचा फोटो.

माझ्या फोटोवर दोन अंगठे आणि एक 'गुड गर्ल'. गुड गर्ल! मी काय पपी आहे?

मम्मी सॉरी म्हणत नाही. जेवताना मधला, सगळ्यात जाड तुकडा माझ्या ताटात टाकला आणि दुसरीकडे बघत बसली. मी खाल्ला नाही. मग खाल्ला. छोट्या माशाची टेस्ट म्हणे.

२२ फेब्रु., गुरु.

पाचांतल्या एका अंकलला रविवारची ड्युटी लागली. सीट रिकामी.

ग्लॅ.अं.चा फोन आला. मला नाही, डॅडींना. स्पीकरवर होता. 'जॅनिसला पाठव ना. नाश्ता-बिश्ता वाढेल, मुलगी असली की जरा सिस्टिम राहते. आणि भाभींना सांग, ती शेरी फ्राय केली होती तसं काहीतरी दे बरोबर.'

रॉड आणायला सांगितलंच नाही.

डॅडी: 'सीट ती सीट. जायचं तर जा.'

मम्मी, जी गेली तीन वर्षं माझे रॉड बाल्कनीतून फेकायच्या गोष्टी करते: 'अजिबात नाही. वाढायला त्याच्या घरी बायको नाही का? माझी मुलगी मासा पकडायला जाईल, नाहीतर नाही जाणार.'

दोघं भांडले. डॅडींनी फोनवर 'इन्शाल्ला' म्हणून ठेवलंय, म्हणजे ना हो ना नाही.

२४ फेब्रु., शनि.

एल्विन अंकलचा मेसेज, ग्रुपवर नाही, प्रायव्हेट: 'तुझी ती लूर कुठल्या कलरची? उद्या येतेस तर दोन घेऊन ये माझ्यासाठी. ग्लॅडविनला बोलू नको.'

हसू आलं. मग राग. मग परत हसू. म्हणजे यांना माहितीये. सगळ्यांना माहितीये.

उद्या बोट खोल पाण्यावर जाणार. शेरी तळाशी पडलेल्या असतील, गार, आळशी, कोळंबीकडे ढुंकून न बघणाऱ्या. मी तिथे असले तर दोन नमो मारियांत दाखवते यांना. पण मी गेले तर आयुष्यभर हेच, 'जॅनिस? ती नाश्ता वाढायला आली होती, मासा लागला चुकून.' नाही गेले तर मार्च. बंदी. परत थंडी येईपर्यंत यांचे ताठ हातांचे फोटो बघा.

मम्मीने फ्राय केलंच नाही. दारात फक्त माझा रॉड आणि लूरची डबी आणून ठेवलीय. वरती एक सँडविच, फॉइलमध्ये. एकच.

पहाटे ग्लॅ.अं.ची गाडी खाली हॉर्न वाजवणार. हे कधी कोणी वाचलंच तर खरं सांगा, तुम्ही त्या सीटवर बसला असता?