पाठ टेकली नाही

वस्ताद, तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. मानेवरचा गुडघा मात्र आठवावा लागत नाही. पलीकडे चुलीवर काकू नागलीची भाकरी भाजायच्या, आणि इकडे मातीत माझी मान दाबून तुम्ही म्हणायचात, "मर, पण पाठ टेकू नको."

त्या दसऱ्याला जव्हारात छावणीतून एक गोरा साहेब आपला शिपाई घेऊन आला. चामड्याचे फुगीर हातमोजे घालून ठोसे मारायचा त्यांचा खेळ. साहेबाला आपली तालीम छावणीसाठी हवी होती. जो जिंकेल त्याच्या हाती तालीम, असं पंचांनी ठरवलं, आणि तुम्ही मला उतरवलंत. पहिला ठोसा छातीवर बसला, दुसऱ्याने दात तुटला. तोंडात रक्त भरलं आणि मी खाली आलो तो सवयीने, गुडघे आणि कोपरं टेकून, मान आत ओढून. आपल्याकडे हा बचाव. पाठ आभाळाकडे आहे तोवर कुस्ती चालू. शिपाई अंगावर येईल म्हणून मी वाट बघतोय, तर तो लांब जाऊन उभा आहे आणि साहेब मोठ्याने आकडे म्हणतोय. मागून कुणीतरी ओरडतं, "अरं उठ की! का नांगराला जुंपायचं तुला?" दहा झाले आणि साहेबाने शिपायाचा हात वर केला.

तुम्ही तरातरा आत आलात. "पाठ नाय टेकली, सायेब. पोर हरला कसा?"

दहा मोजेपर्यंत उठला नाही म्हणून, असं दुभाष्याने सांगितलं.

"मोजायला ते काय खोडाळ्याच्या बाजारातले आंबे हायेत?"

मैदान हसलं. पंचांनी तुमचं ऐकलं. पुन्हा लढत, तुमच्याशी. मोजणी नाही, पाठ टेकेल तो हरला.

तुम्ही पहिल्यांदा पडलात तेव्हा शिपाई सवयीने मागे सरला. "साब, ये तो गिरा है."

"मारो," साहेब म्हणाला. "अब यही कायदा है."

मग तो मारत राहिला. तुम्ही गुडघ्यांवर, तो वरून. भुवई फाटली, कान लोंबायला लागला, चामडं ओलं होऊन चपचप वाजत होतं. तुम्ही उठता, पडता, पण कुशीवर, कोपरावर, पाठीवर नाही. हातमोज्यात तुमचीही बोटं कोंडलेली, पकड बसत नव्हती. शेवटी तुम्ही दोन्ही दंडांत त्याच्या पोटऱ्या आवळल्यात आणि खांदा देऊन त्याला उताणा पाडलंत. लोक नाचले. जिंकल्याचा पांढरा फेटा तुमच्या डोक्याला बांधता बांधता लाल झाला.

त्यानंतर तुम्हाला घास गिळेना, माणूस ओळखेना. दिवाळीच्या आत गेलात. कसं कळलं कोण जाणे, शिपाई आला होता. त्याने खांदा दिला. परतताना मला एवढंच म्हणाला, "गिनती होती तो उस्ताद आज बैठे होते."

तालीम माझ्याकडे आली. पोशेऱ्याची, दाभोशाची पोरं येतात. डाव सगळे तुमचेच शिकवतो. फक्त एक सांगतो, की समोरचा डोकं फोडायला लागला तर पाठ टेका आणि घरी जा. हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहितोय. तुमचा फेटा अजून तालमीत खुंटीला आहे, डाग गेले नाहीत. पोरांना हे सांगताना मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो.